बारा कुलपांची एक किल्ली



वार्षिक सर्वसाधारण सभेत संगणकावरील खर्चाचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला असा, की "ह्या मशिनवर एवढा पैसा घालून उसाचं टनेज वाढतं का?" दुसरा असा, की "सगळ्या खात्यांना एकच किल्ली केली तर चोराचीच सोय झाली की!" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. टनेज वाढत नाही. दुसरा प्रश्न मात्र मुद्द्याचा आहे, आणि ज्या सभासदाला तो सुचला त्याला ह्या विषयातले निम्मे कळलेलेच आहे असे आम्ही समजतो. सध्या बंद हंगामात आपल्याकडे 'सिंगल साईन-ऑन' नावाची व्यवस्था बसविण्याचे काम चालू आहे. ती काय आहे, कशी बसवतात आणि तीत धोका कुठे आहे, हे सभासदांना माहीत असावे म्हणून हा लेख.

आधी आजची स्थिती बघू. ऊस नोंदीचा प्रोग्रॅम वेगळा, वजनकाट्याचा वेगळा, ऊसबिलाचा वेगळा. स्टोअर आणि खरेदी, हजेरी आणि पगार, साखर विक्री, डिस्टिलरी, शेअर्स, सगळ्यांचे संसार निराळे. प्रत्येक प्रोग्रॅम निरनिराळ्या साली, निरनिराळ्या विक्रेत्याकडून घेतलेला. त्यामुळे प्रत्येकाचे नाव वेगळे आणि परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्डही वेगळा. माणसाच्या डोक्यात बारा पासवर्ड राहत नाहीत. मग ते कुठे राहतात? कीबोर्डाच्या खाली, टेबलाच्या काचेखाली, नाहीतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी. याहून सोपी युक्ती म्हणजे तिन्ही पाळ्यांनी मिळून एकच नाव वापरायचे. 'काटा-१' ह्या नावाने सकाळची पाळीही आत शिरते आणि रात्रपाळीही.

यात सभासदाचे काय जाते, ते असे. समजा रात्री अडीच वाजता एका खेपेच्या वजनात दुरुस्ती झाली. दुरुस्ती खरीही असेल. रिकाम्या गाडीचे वजन चुकीचे पडले असेल, ते नीट केले असेल. पण चार दिवसांनी सभासद पावती घेऊन आला, तर दुरुस्ती कोणी केली ह्याला संगणकाचे उत्तर एकच, 'काटा-१'. आता हा काटा-१ कोण? त्याला ना पगार नंबर, ना सही. तसेच ऊसबिल ज्या बँक खात्यात जमा व्हायचे तो खाते नंबर जर कोणी 'अकौंट' ह्या सामायिक नावाने बदलला, तर बदलणारा सापडणे दुरापास्त. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज. बिल चुकीच्या खात्यात गेले तर हे १४ दिवस नुसते खुलासे करण्यातच जातात. तेव्हा हा विषय संगणक विभागाचा आहे असे म्हणून सभासदांनी तो सोडून देऊ नये.

आता सिंगल साईन-ऑन म्हणजे काय, तर ऊसतोडीच्या चिठ्ठीसारखी गोष्ट आहे. तुमच्या फडाला तोड आली की चिटबॉय चिठ्ठी देतो. तीवर सभासद कोड, गट, उसाची जात, गाडी नंबर, तारीख आणि सही असते. गाडी काट्यावर आली म्हणजे काटा क्लार्क काही तुमच्याकडे सातबारा मागत नाही. तो चिठ्ठी बघतो. सही ओळखीची आहे, तारीख आजची आहे, चिठ्ठी आपल्याच कारखान्याची आहे, बस्स, घ्या गाडी काट्यावर. ऊस कोणाचा हे पटविण्याचे काम शेतकी खात्याने एकदा केले. पुढे काटा, गव्हाण आणि अकौंट्स हे सारे त्या चिठ्ठीवर विसंबले.

संगणकातही हेच करायचे. ओळख पटविणारी एकच कचेरी ठेवायची. तिला आपण ओळख-कचेरी म्हणू. मायक्रोसॉफ्टची 'एन्ट्रा' (२०२३ पर्यंत हिचे नाव वेगळे होते), गुगलची, शिवाय 'कीक्लोक' नावाची फुकट मिळणारी, अशा अनेक आहेत. क्लार्कने सकाळी ऊसबिलाचा प्रोग्रॅम उघडला की प्रोग्रॅम म्हणतो, "मी तुम्हांला ओळखत नाही, ओळख-कचेरीची चिठ्ठी आणा." लगेच पडद्यावर ओळख-कचेरीचे पान येते. तिथे पासवर्ड द्यायचा, मोबाईलवरचा सहा आकडी क्रमांक द्यायचा. कचेरी खात्री करते आणि सही केलेली चिठ्ठी देते. ती घेऊन पडदा आपोआप परत ऊसबिलाकडे येतो. प्रोग्रॅम सही तपासतो, वेळ तपासतो आणि दार उघडतो. तासाभराने त्याच क्लार्कने स्टोअरचा प्रोग्रॅम उघडला तर तोही कचेरीकडेच पाठवतो. पण कचेरी म्हणते, "हे तर मघाशीच येऊन गेले," आणि काही न विचारता दुसरी चिठ्ठी देते. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. ह्यात मुख्य गोष्ट ही, की क्लार्कचा पासवर्ड ऊसबिलाच्या किंवा स्टोअरच्या प्रोग्रॅमला कधी कळतच नाही. उद्या त्यातल्या एखाद्या विक्रेत्याकडे चोरी झाली तरी आपल्या माणसांचे पासवर्ड त्याच्याकडे नसल्यामुळे जाणार नाहीत.

ही चिठ्ठी कशी लिहावी याचे नियम जगभर ठरलेले आहेत. 'सॅमल' नावाच्या नियमावलीची दुसरी आवृत्ती मार्च २००५ मध्ये मंजूर झाली आणि ती आजही चालते. दुसरी नियमावली 'ओपनआयडी कनेक्ट', ती फेब्रुवारी २०१४ ची. नवे प्रोग्रॅम ह्यातली एक तरी जाणतात. मात्र एकदाच ओळख पटवून पुढे चिठ्ठीवर काम भागविण्याची कल्पना ह्याहून जुनी आहे. अमेरिकेत एम.आय.टी. ह्या विद्यापीठात १९८३ साली 'अथेना' नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्यातून 'कर्बरोस' ही पद्धत निघाली. कर्बरोस म्हणजे ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर बसलेला तीन तोंडांचा कुत्रा. आपल्या यमाच्या दारीही दोन कुत्रे आहेतच. त्याच एम.आय.टी.त १९६० नंतरच्या दशकाच्या सुरुवातीला अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकाला पासवर्ड बसवले होते, आणि १९६२ साली ॲलन शेर नावाच्या तिथल्याच एका विद्यार्थ्याने, त्याला ठरवून दिलेला वेळ पुरेना म्हणून, साऱ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली! म्हणजे पासवर्ड जन्मला तेव्हापासूनच तो फुटतो आहे.

आता बसवण्याच्या कामाकडे वळू. लोकांना वाटते की हे काम तारा जोडण्याचे आहे. वास्तविक तारांचे काम दोन दिवसांचे. नावांच्या यादीचे काम दोन महिन्यांचे. ओळख-कचेरी उघडायची तर कारखान्यात माणसे कोण कोण आहेत हे आधी नक्की पाहिजे. टाईम ऑफिसच्या मस्टरवर एक नाव, पगाराच्या प्रोग्रॅममध्ये दुसरे, स्टोअरमध्ये तिसरे. आपल्या भागात पाटील, शिंदे, जाधव ह्या आडनावांची माणसे प्रत्येक खात्यात आहेत, आणि नाव-आडनावासकट जुळणारेही निघतात. इंग्रजीत नाव लिहिताना कोणी एक अक्षर जास्त घालतो, कोणी कमी. लग्नानंतर भगिनींची आडनावे बदलतात. अशा वेळी नाव हीच ओळख धरली तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या खात्यावर लागेल. पुष्कळ ठिकाणी ई-मेलचा पत्ता ओळख म्हणून धरतात. पण केन यार्डातल्या, गव्हाणीवरच्या, वॉच अँड वॉर्डच्या किती जणांना कारखान्याचा ई-मेल आहे? शिवाय ई-मेलचा पत्ता नावावरूनच बनतो, म्हणजे नाव बदलले की तोही बदलायला निघणार.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. पगार नंबर हीच ओळख. तो भरतीच्या दिवशी मिळतो, लग्नाने बदलत नाही, बदलीने बदलत नाही, आणि निवृत्त झालेल्याचा नंबर पुन्हा कोणाला द्यायचा नाही. ही शेवटची अट फार महत्त्वाची. कारण जुना नंबर नव्या माणसाला दिला तर जुन्याचे सगळे अधिकार त्याच्या गळ्यात आपोआप पडतात. प्रत्येक प्रोग्रॅममधले प्रत्येक जुने नाव कोणत्या पगार नंबराचे हे समोरासमोर बसून लावले जात आहे. ज्या नावाला मालक सापडत नाही ते बंद. हे वाचायला सोपे वाटते; पण 'हे नाव बंद केले तर अमुक रिपोर्ट निघणार नाही' असे सांगायला रोज कोणी ना कोणी येतो.

यादी झाली की जोडणी. ओळख-कचेरी आणि प्रोग्रॅम यांनी एकमेकांना तीन गोष्टी द्यायच्या असतात. तुझे नाव काय, चिठ्ठी कुठल्या पत्त्यावर पोचवायची, आणि तुझ्या सहीचा नमुना कोणता. बँकेत खाते उघडताना नमुना सही देतो तशीच ही तिसरी गोष्ट. तिला 'सर्टिफिकेट' म्हणतात. पत्ता मात्र अक्षरशः जुळावा लागतो. शेवटची एक तिरकी रेघ राहिली तरी दार उघडत नाही आणि पडद्यावर असा काही मजकूर येतो की बसवणाराही बुचकळ्यात पडावा. अशा वेळी आधी पत्ता वाचावा.

दुसरी खोड घड्याळाची. चिठ्ठीवर ती कधीपासून कधीपर्यंत चालेल ती वेळ लिहिलेली असते, आणि ही मुदत सहसा थोड्या मिनिटांचीच असते. एखादा संगणक दहा मिनिटे मागे असेल तर त्याला ताजी चिठ्ठी 'अजून न झालेली' दिसते. पुढे असेल तर शिळी दिसते. कर्बरोसमध्ये साधारण पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' ह्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत संस्थांच्या संगणकांची घड्याळे एन.आय.सी. किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवून ठेवायला सांगितले आहे, तसेच प्रवेशाच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायला सांगितले आहे. काट्यावरचे घड्याळ बरोबर असणे हे सभासदाच्या पावतीच्याही हिताचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट हंगामाशी बांधलेली आहे. सहीच्या नमुन्याला मुदत असते. एन्ट्रामध्ये नेहमीच्या पद्धतीने केलेले सर्टिफिकेट तीन वर्षे चालते. मुदत संपायच्या आधी ६०, ३० आणि ७ दिवसांनी ई-मेल येतो. पण तो ज्याला येतो तो माणूस जर मध्यंतरी निवृत्त झाला असेल, तर ई-मेल रिकाम्या खुर्चीला जातो. आणि मुदत संपायला जानेवारीचा तिसरा आठवडाच निघाला म्हणजे? बाहेर गाड्यांची रांग आणि आत कोणालाच प्रवेश नाही. सबब, सर्टिफिकेट मुदतीची वाट न बघता बंद हंगामातच बदलायचे, जसे आपण मिलचे रोलर आणि बॉयलरच्या ट्यूबा बंद हंगामातच बघतो. सूचनाही एका माणसाच्या नव्हे, विभागाच्या नावावर.

एवढ्यावर काम झाले असे समजून पुष्कळ संस्था थांबतात, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. पुढचे दार नवे केले, पण मागची दारे तशीच राहिली. जुना पासवर्ड चालूच असेल तर नव्या व्यवस्थेचा उपयोग काय? प्रत्येक प्रोग्रॅममध्ये 'प्रवेश फक्त ओळख-कचेरीतूनच' अशी सक्ती करावी लागते; ती आपण होऊन होत नाही. दुसरे असे, की माणूस सोडून गेला आणि कचेरीने त्याला चिठ्ठी देणे बंद केले, तरी त्याच्या मोबाईलवर आधीच उघडा असलेला प्रोग्रॅम काही काळ उघडाच राहू शकतो, आणि प्रोग्रॅमच्या आतले त्याचे खाते तर तसेच पडून राहते. त्यासाठी 'स्किम' नावाची, २०१५ साली ठरलेली वेगळी नियमावली आहे. तिच्यामुळे टाईम ऑफिसने एका ठिकाणी 'सेवामुक्त' अशी नोंद केली की ती नियमावली जाणणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅममधले खाते बंद होते. जे प्रोग्रॅम ती जाणत नाहीत तिथे हाताने बंद करायचे, आणि कोणी केले त्याची सही घ्यायची.

विसरलेल्या खात्याने काय होते याचे उदाहरण फार लांबचे आहे, पण सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत कोलोनियल पाईपलाईन नावाची कंपनी आहे. तिची पेट्रोल-डिझेल वाहणारी नळवाहिनी सुमारे साडेपाच हजार मैलांची, आणि त्या देशाच्या पूर्व किनाऱ्याच्या इंधनाचा साधारण ४५ टक्के भाग तीतून जातो. ७ मे २०२१ रोजी तिच्या संगणकांवर खंडणीखोरांनी ताबा मिळविल्याचे उघड झाले आणि कंपनीने नळ बंद केला. तो १२ मे रोजी पुन्हा सुरू होईपर्यंत पंपांवर रांगा लागल्या. खंडणी ४४ लाख डॉलरच्या घरात गेली. त्यातला काही भाग पुढे सरकारने परत मिळविला. चोर आत शिरले कुठून, तर बाहेरून कामाला जोडण्याच्या एका जुन्या खात्यातून. ते खाते वापरात नव्हते, पण बंदही केलेले नव्हते, आणि त्याला नुसता पासवर्ड होता, दुसरी कसलीही खातरजमा नव्हती. एवढी मोठी नळवाहिनी, आणि एक न मिटवलेले नाव.

आपल्याकडे तर हा प्रश्न दरवर्षीचा आहे. कायम कामगार वेगळे, रोजंदारीवरचे वेगळे, आणि हंगामी वेगळे. हंगाम संपला की हंगामी कामगार घरी जातो, पण त्याचे नाव संगणकात वर्षभर उघडे राहते. नव्या व्यवस्थेत हंगामी कामगाराचे खाते गळीत बंद झाल्यावर झोपवले जाईल आणि पुढच्या हंगामात तो रुजू झाला की त्याच पगार नंबराने जागे केले जाईल. पुसून टाकायचे नाही. पुसले तर त्याने मागच्या वर्षी केलेल्या नोंदींना मालक उरणार नाही, आणि मग आपण फिरून त्याच काटा-१ पाशी येऊ.

आता चोराच्या सोयीचा प्रश्न. बारा कुलपांना एक किल्ली केली आणि ती हरवली तर बाराही घरे उघडी, हे अगदी खरे आहे. म्हणून किल्ली एक केली तरी कुलूप साधे ठेवायचे नाही. पासवर्डाशिवाय मोबाईलवरचा सहा आकडी क्रमांक लागणार. तो दर तीस सेकंदांना बदलतो, आणि सभासदांना नवल वाटेल, पण त्याला मोबाईलची रेंज लागत नाही. यार्डाच्या कोपऱ्यातही तो निघतो. मात्र मोबाईलचे घड्याळ बरोबर हवे. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी संगणकाला लावायची छोटी किल्ली मिळते. नुसते 'हो' दाबायची सोय आम्हांला पसंत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर ह्या टॅक्सी कंपनीत एका कंत्राटी माणसाच्या मोबाईलवर चोराने 'प्रवेश द्यायचा का?' असे विचारणारे संदेश पुन्हा पुन्हा पाठवले, आणि शेवटी त्याने एकदा 'हो' दाबले. रात्रपाळीला डोळे जड झालेल्या माणसाकडून हे सहज होईल.

पासवर्ड मात्र दर महिन्याला बदलायची सक्ती नको. अमेरिकेच्या 'निस्ट' ह्या संस्थेने २०१७ सालीच सांगितले आहे की अशी ठराविक मुदतीची सक्ती करू नये. लोक शेवटी एक आकडा वाढवतात आणि मोकळे होतात. त्यापेक्षा लांब पण लक्षात राहणारे वाक्य घ्यावे, उदाहरणार्थ 'आडसालीची लावण जुलैत उरकली' अशा धर्तीचे. इथे छापले आहे तेच कृपा करून कोणी घेऊ नये.

किल्लीपेक्षाही मोठी भीती शिक्क्याची आहे. ओळख-कचेरी ज्या गुप्त चावीने चिठ्ठीवर सही करते ती चावीच चोरीला गेली, तर चोर घरबसल्या कोणाच्याही नावाची खरी दिसणारी चिठ्ठी बनवू शकतो. पासवर्ड लागत नाही की मोबाईल लागत नाही. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स कंपनीच्या प्रोग्रॅममधून अमेरिकेतील सरकारी खात्यांत झालेली घुसखोरी उघड झाली, तीत काही ठिकाणी हाच प्रकार झाला होता. म्हणून आपल्यासारख्या संस्थेने ही चावी ऑफिसातल्या एखाद्या संगणकावर ठेवण्यापेक्षा जिच्याकडे ते काम चोवीस तास बघणारी माणसे आहेत अशी कचेरी भाड्याने घ्यावी, असे आमचे मत. दुसरे मतही आहे, की आपली चावी दुसऱ्याच्या घरात कशाला. त्यातही तथ्य आहे. पण मग राखणदारही आपलाच ठेवावा लागेल आणि तो रात्री जागा लागेल.

आणि मोठ्यांची कचेरीही बंद पडते, हे विसरू नये. १५ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टची ओळख-कचेरी कित्येक तास बिघडली. कारण काय, तर सहीच्या चाव्या आळीपाळीने बदलताना जी ठेवायची होती तीच काढली गेली. तेवढा वेळ जगभरच्या लोकांना आपापल्या कामात शिरता येईना. त्यामुळे कार्यकारी संचालकांपुढे संगणक विभागाने दोन गोष्टींचा आग्रह धरला आहे. एक, दोन आपत्कालीन खाती असावीत. ती रोजच्या वापरात नसावीत, त्यांचे लांबलचक पासवर्ड लखोट्यात सीलबंद करून तिजोरीत ठेवावेत, तिजोरी दोघांच्या किल्ल्यांनी उघडावी, आणि लखोटा फुटला की त्याची नोंद व्हावी. वर्षातून एकदा ही खाती चालतात का ते बघावे, नाहीतर गरजेच्या वेळी लखोट्यातला कागद कामाचा नाही असे कळायचे.

दुसरा आग्रह वजनकाट्याचा. काट्यावर वजन घेणे हे इंटरनेटवर अवलंबून असता कामा नये. तार तुटली, ओळख-कचेरी बंद पडली, तरी गाडी वजन होऊन पुढे गेलीच पाहिजे. ऊस थांबला तर उतारा थांबत नाही, तो घसरतो. म्हणून नेहमी काटा क्लार्क ओळख-कचेरीतून येईल, पण ती मिळाली नाही तर काट्यापुरता स्थानिक प्रवेश राहील, प्रत्येकाच्या स्वतःच्या नंबराने. मात्र त्या प्रवेशात वजन घेता येईल, जुने वजन दुरुस्त करता येणार नाही. मिल, बॉयलर आणि टर्बाईनची नियंत्रणे तर ह्या भानगडीत आणायचीच नाहीत.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ओळख-कचेरी माणूस कोण आहे एवढेच सांगते. त्याने काय करावे हे ती ठरवत नाही. चिठ्ठीवर 'हा शेतकी खात्याचा गट क्लार्क' असे लिहिता येते, पण गट क्लार्कला काय दिसावे आणि काय बदलता यावे हे प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ठरवायचे असते. हे अधिकार माणसाला नव्हे, पदाला द्यायचे. बदली झाली की जुने अधिकार सुटले आणि नवे चिकटले पाहिजेत. नाहीतर वीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाकडे वीस वर्षांत पाहिलेल्या सगळ्या खात्यांच्या किल्ल्या साठतात. बँक खाते नंबर बदलणे आणि वजन दुरुस्त करणे ह्या दोन गोष्टींना एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची असे ठरले आहे. आतापर्यंत हे कागदावर होते, पण दोघेही एकाच नावाने शिरत असल्यामुळे एकच माणूस दोन्ही करू शकत असे.

खर्चाबद्दल थोडे. ओळख-कचेरीचे भाडे फारसे नसते. खरा खर्च असा, की पुष्कळ विक्रेते सिंगल साईन-ऑनची सोय आपल्या सर्वांत महाग योजनेतच देतात. ट्रॅक्टर घ्यावा आणि ब्रेकचे पैसे वेगळे मागावेत तसे हे आहे. यापुढे खरेदी समितीने कोणताही प्रोग्रॅम घेताना ही सोय मूळ किमतीत आहे का हे निविदेतच विचारावे. फॉक्सप्रोवर बनवलेले जुने हिशेब मात्र ह्या व्यवस्थेत बसत नाहीत; ते एका संगणकावर फक्त वाचण्यापुरते ठेवले जातील.

सरकारनेही हाच मार्ग धरला आहे. ४ जुलै २०२२ रोजी गांधीनगर येथे 'मेरी पहचान' ही योजना सुरू झाली. तीत डिजिलॉकरच्या एका ओळखीवर अनेक सरकारी सेवा उघडता येतात. ज्या सभासदांची मुले शिष्यवृत्तीचे किंवा नोकरीचे अर्ज भरतात त्यांना हे घरीच बघायला मिळेल.

कामाचा क्रम असा ठरला आहे. पहिल्यांदा टाईम ऑफिस आणि स्टोअर, कारण तिथे अडचण आली तर बंद हंगामात निभावते. मग शेतकी खाते आणि गट ऑफिसे. त्यानंतर अकौंट्स, आणि सर्वांत शेवटी काटा. प्रत्येक खात्यात दोन आठवडे जुना आणि नवा असे दोन्ही मार्ग चालू राहतील, नंतर जुना बंद. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी सगळे जुने पासवर्ड बंद झालेले असतील; मोळी पडल्यावर यात हात घालायचा नाही.

सभासदांना ह्यासाठी काही करावे लागणार नाही. सभासदांच्या मोबाईल ॲपचा ह्या व्यवस्थेशी संबंध नाही. ते पूर्वीप्रमाणेच चालेल. 'कारखान्याची नवी व्यवस्था आली आहे, तुमचा ओ.टी.पी. सांगा' असा फोन आला तर तो कारखान्याचा नव्हे असे समजून ठेवून द्यावा आणि गट ऑफिसला कळवावे. ऊसबिलाचे बँक खाते बदलायचे असल्यास फोनवर किंवा दुसऱ्याच्या हाती निरोप चालणार नाही. सभासदाने स्वतः गट ऑफिसात येऊन सहीचा अर्ज द्यावा, सोबत पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडावी, आणि अर्जाची पोच घ्यावी. पोचेवर नोंद करणाऱ्याचा पगार नंबर छापलेला असेल. नसेल तर तो लिहून मागावा.